असुरप्रतिमेची हस्तकला : महाराष्ट्र व गोव्यातील भयरूपांच्या निर्मितीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील मूर्तिकलेविषयीचे लेखन प्रामुख्याने देवतामूर्तींभोवती केंद्रित राहिले आहे. लेण्यांतील शिल्पे, मंदिरांतील पाषाणमूर्ती, पेणच्या गणेशमूर्ती यांवर विपुल लिहिले गेले. मात्र देवाच्या समोर उभा राहणारा असुर, त्याचे मुखवटे, पुतळे आणि सोंगे यांच्या निर्मितीकडे कलेच्या इतिहासाने फारसे लक्ष दिलेले नाही. उत्सवाचे वर्णन करताना असुराचा उल्लेख येतो; परंतु तो कोणी घडविला, कशाचा घडविला आणि उत्सवानंतर त्याचे काय झाले, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

नागपूरची मारबत, गोव्यातील नरकासुर, जव्हार-मोखाडा परिसरातील बोहाड्याची सोंगे, कोकणातील संकासुर आणि मराठी नाटक-चित्रपटातील राक्षस ही सर्व हाताने घडविलेली भयरूपे आहेत. ती घडविणारे बहुतांशी हौशी तरुण, शेतकरी, आदिवासी कलावंत किंवा पारंपरिक कारागीर आहेत. प्रस्तुत शोधनिबंधात या भयरूपांचा एकत्रित विचार केला असून त्यामागील सामाजिक व राजकीय आशय तपासला आहे.

उद्दिष्टे

१) असुरप्रतिमेच्या निर्मितीची साधने व पद्धती यांचा परिचय करून घेणे.
२) देवमूर्ती व असुरप्रतिमा यांतील विधीविषयक भेद स्पष्ट करणे.
३) भयरूप घडविताना समाज कोणाला असुर ठरवितो, या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे.

निबंधासाठी उपलब्ध लिखित साधनांच्या आधारे ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे.

देवाची मूर्ती आणि असुराचा पुतळा

देवमूर्ती घडविणाऱ्यावर शास्त्राचे व रूढीचे बंधन असते. कोणत्या देवतेला किती हात, कोणती आयुधे, कोणते वाहन, हे ठरलेले आहे. गणेशचतुर्थीच्या पार्थिव मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, पूजा होते, उत्तरपूजा होते आणि मग विसर्जन होते. मूर्ती मातीची व अल्पजीवी असली तरी तिचा निरोप सन्मानाचा असतो.

असुराच्या पुतळ्याला यातील काहीही लाभत नाही. त्याची प्राणप्रतिष्ठा नाही, म्हणून त्याला प्रमाणबद्धतेचे बंधनही नाही. डोळे किती मोठे असावेत, सुळे किती लांब असावेत, रंग हिरवा असावा की काळा, हे घडविणाऱ्याच्या कल्पनेवर सोपविलेले असते. देवमूर्तीत जी मोकळीक कारागिराला घेता येत नाही, ती असुराच्या बाबतीत त्याला पूर्णपणे मिळते. लोककलेतील स्वच्छंद कल्पनाशक्तीचा एक मोठा प्रवाह असुरप्रतिमेत प्रकट झाला, त्याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते.

याला एक लक्षणीय अपवाद वेताळाचा आहे. गोव्यात वेताळ हा ग्रामरक्षक देव आहे. लोलये येथील वेताळाची भव्य पाषाणमूर्ती प्रसिद्ध आहे. गोव्यातील वेताळमूर्तींमध्ये नग्न देह, मुंडमाला आणि पोटावर कोरलेला विंचू ही लक्षणे आढळतात. रूप भयंकर असले तरी वेताळाला देवत्व मिळाले आणि देवत्वाबरोबर त्याला पाषाणाचे स्थैर्य व ठरावीक लक्षणेही मिळाली. भयरूपाची पूजा सुरू झाली की ते दगडात स्थिरावते; जोवर त्याची पूजा होत नाही, तोवर ते बांबू, कागद आणि पेंढ्यातच राहते, असे यावरून म्हणता येईल.

मारबत : साथ, सत्ता आणि स्मृती

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर कागद व कापड आणि वर रंग, अशी तिची रचना असते. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून निघते, अशी परंपरा सांगितली जाते. पिवळी मारबत तऱ्हाणे तेली समाजाकडून काढली जाते. गावावरील इडापिडा आणि रोगराई मारबतीने आपल्याबरोबर घेऊन जावी, असे आवाहन मिरवणुकीत केले जाते आणि अखेरीस तिचे दहन होते. एकोणिसाव्या शतकात पटकी, देवी यांसारख्या साथींनी वसाहती उजाड होत असत. रोगाचे कारण डोळ्यांना दिसत नव्हते. त्या अदृश्य संकटाला चेहरा, हात-पाय व वस्त्रे देऊन त्याला गावाबाहेर नेणे, हा सामूहिक धीराचा एक मार्ग होता.

काळ्या मारबतीचा आशय अधिक गुंतागुंतीचा आहे. एका लोकसमजुतीनुसार ती कृष्णाला विषारी दूध पाजणाऱ्या पूतनेचे रूप आहे. दुसऱ्या प्रचलित कथनानुसार ती नागपूरकर भोसले घराण्यातील बांकाबाई यांची प्रतिमा आहे. बांकाबाई या दुसऱ्या रघुजी भोसले यांच्या पत्नी. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८५७ च्या उठावात बांकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्या बाजूने टाकले. १८५८ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.

येथे कालक्रम लक्षात घेणे आवश्यक आहे. बांकाबाईंचा मृत्यू आणि काळ्या मारबतीची सांगितली जाणारी सुरुवात यांत तेवीस वर्षांचे अंतर आहे. म्हणजे पुतळा उभा राहिला तेव्हा ज्या व्यक्तीवर रोष होता ती हयात नव्हती. राज्य खालसा करणारे इंग्रज मात्र अजूनही सत्तेवर होते. त्यांचा पुतळा जाळणे सोपे नव्हते. मृत, वृद्ध व विधवा राजस्त्रीचा पुतळा जाळणे शक्य होते. मारबतीला वसाहतवादविरोधी प्रतीक मानताना ही बाजू नजरेआड करता येत नाही. सत्तेविरुद्धचा राग सत्तेवर न निघता तिच्या आश्रयाला गेलेल्या एका स्त्रीवर निघाला आणि पूतनेची पुराणकथा त्या रागाला आयती मिळाली. लोकस्मृती न्याय करतेच असे नाही. ती अनेकदा सोयीचा अपराधी निवडते.

मारबतीबरोबर निघणारे ‘बडगे’ हे या परंपरेचे सर्वात परिवर्तनशील अंग आहे. महागाई, भ्रष्टाचार, व्यसन, राजकीय घडामोडी अशा तत्कालीन विषयांवर हे पुतळे तयार केले जातात. ज्या वर्षी जी पीडा, त्या वर्षी तो बडगा, अशी ही रीत आहे. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या बडग्यांची नोंद ठेवली गेली असती, तर ती नागपूरच्या लोकमताची एक समांतर बखर ठरली असती. २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे सार्वजनिक मिरवणुकांवर निर्बंध आले आणि रोगराई घालविण्यासाठी निघणारी मारबत रोगराईमुळेच नेहमीप्रमाणे निघू शकली नाही. या परंपरेच्या इतिहासातील हा विरोधाभास नोंदविण्याजोगा आहे.

नरकासुर : कारिटापासून पुतळ्यापर्यंत

नरकचतुर्दशीच्या पहाटे कोकणातील घराघरांत तुळशीवृंदावनाजवळ कारीट नावाचे लहान कडू फळ पायाच्या अंगठ्याने फोडले जाते. हे फळ म्हणजे नरकासुर. प्राग्ज्योतिषपूरच्या या असुराचा कृष्णाने वध केला, त्याचे हे सर्वात लहान व घरगुती रूप होय. त्याच कथेचे सर्वात भव्य रूप गोव्यात दिसते. चतुर्दशीच्या आदल्या रात्री वाड्यावाड्यांवर नरकासुराचे प्रचंड पुतळे उभे राहतात, रात्रभर लोक ते पाहत फिरतात, स्पर्धा होतात आणि पहाटे कृष्णाच्या हातून वध होऊन पुतळ्याचे दहन होते. त्यानंतर अभ्यंगस्नान आणि पोह्यांचा फराळ असा क्रम असतो.

हे पुतळे घडविणारे बहुधा वाड्यावरील तरुण असतात. ते व्यवसायाने मूर्तिकार नसतात. दिवाळीपूर्वी कित्येक दिवस रात्री जागून ते काम करतात. लाकडाचा, बांबूचा किंवा अलीकडे लोखंडाचा सांगाडा, आत वाळलेले गवत, वर कागदाचे थर, त्यावर रंग आणि सर्वात शेवटी मुखवटा, अशी ही रचना असते. मुखवट्यासाठी कागदाचा लगदा वापरण्याची पद्धत जुनी आहे. तयार मुखवटेही आता बाजारात मिळतात. काही पुतळ्यांचे हात व डोके यांत्रिक साधनांनी हलविले जातात. हिंदी-इंग्रजी चित्रपटांतील राक्षसी आकृतींचा प्रभावही त्यांच्या रूपावर दिसून येतो.

आजच्या स्वरूपातील हे पुतळे किती जुने, याचा विचार गोव्याच्या राजकीय इतिहासाच्या संदर्भात करावा लागतो. पोर्तुगीजांच्या जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देश व सासष्टी या भागांत, हिंदूंच्या सार्वजनिक धर्मविधींवर दीर्घकाळ कठोर निर्बंध होते. १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. पणजी, म्हापसा व मडगाव ही नरकासुर-स्पर्धांची आजची प्रमुख शहरे याच भागात आहेत. यास्तव तेथील रस्त्यांवरील भव्य पुतळे ही आधुनिक काळातील, विशेषतः १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतरच्या मोकळ्या सार्वजनिक जीवनाशी सुसंगत अशी घटना ठरते. कथा पुराणकाळाची असली तरी तिचे हे भव्य रूप अर्वाचीन आहे.

या उत्सवाविषयी गोव्यात मतभेदही आहेत. कृष्णापेक्षा नरकासुराचेच कौतुक अधिक होते, असा एक आक्षेप घेतला जातो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकावर निर्बंध आहेत. रात्रभर चालणाऱ्या या उत्सवात हा कळीचा मुद्दा ठरतो. पहिल्या आक्षेपामागील वस्तुस्थिती मात्र कलेच्या दृष्टीने विचार करण्यासारखी आहे. कृष्णाचे रूप ठरलेले आहे, तेथे नवे काही करण्यास वाव नाही. तरुणांची सर्जनशीलता जेथे वाव मिळतो तेथे वळते. असुराचे आकर्षण म्हणजे असुरत्वाचे समर्थन नव्हे, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

सोंग : न जाळला जाणारा असुर

मारबत व नरकासुर यांचे दहन होते. याउलट बोहाड्यातील असुर जपला जातो. पालघर (२०१४ पर्यंत ठाणे) जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा परिसरात आणि लगतच्या नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पट्ट्यात कोकणा, वारली, महादेव कोळी आदी समाज बोहाडा साजरा करतात. रात्री मशालींच्या उजेडात, वाद्यांच्या तालावर एकेक सोंग नाचत येते. गणपती व शारदा यांच्या सोंगांनी आरंभ होतो आणि पुढे देव, असुर, राक्षस यांची सोंगे येतात. रावण, महिषासुर, त्राटिका ही त्यांतील ठळक भयरूपे.

हे मुखवटे पूर्वी लाकडात कोरले जात. पुढे कागदाच्या लगद्याचे मुखवटे रूढ झाले. लगदा साच्यावर थापून वाळवायचा, त्यावर थर चढवायचे आणि मग रंगवायचे, अशी ही वेळखाऊ पद्धत आहे. लाकडाच्या तुलनेत असा मुखवटा हलका असतो. रावणाच्या अनेक मुखांचे ओझे डोक्यावर घेऊन नाचणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. विशेष म्हणजे येथे देवाचा व असुराचा मुखवटा एकाच हाताने, एकाच लगद्यातून घडतो आणि उत्सव संपल्यावर दोन्ही सांभाळून ठेवले जातात. देव पूज्य आणि असुर जाळण्यायोग्य, हा भेद बोहाड्यात इतका तीव्र नाही.

दक्षिण कोकणातील दशावतारात संकासुराचे सोंग येते. वेद पळविणाऱ्या शंखासुराची ही लोकपरंपरेतील आवृत्ती. त्याचा वेष काळा असतो. परंतु रंगभूमीवर येताच तो प्रेक्षकांना भीती घालण्याऐवजी हसवितो, संवादांतून चिमटे काढतो. शिमग्यात गावोगाव फिरणारा संकासुरही लहान मुलांच्या मागे धावतो आणि मुले भीत भीत त्याच्याच मागे जातात. भय आणि विनोद यांची ही सरमिसळ मराठी लोकपरंपरेचे वैशिष्ट्य मानावे लागेल.

रंगमंच आणि पडदा : कीचकाचे शिर

१८४३ मध्ये सांगली येथे विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले. त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत राक्षसांचा प्रवेश हा प्रेक्षकांच्या विशेष आवडीचा भाग होता. रंगविलेले उग्र चेहरे, राळेचा भडका आणि ‘अलल डुर्र’ अशी आरोळी ही त्याची साधने होती. पुढे सुशिक्षितांनी या राक्षसांची टिंगल केली आणि ‘अललडुर्र’ हा शब्दच बालिश नाटकीपणाचा पर्याय बनला. तथापि कमी साधनांत भयाचा परिणाम साधणारी ती एक हस्तकला होती, याकडे दुर्लक्ष झाले.

चित्रपटाच्या क्षेत्रात या कलेचा सर्वात परिणामकारक व वादग्रस्त आविष्कार कोल्हापुरात झाला. बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) यांचे मूळ नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. कारागिरीचा वारसा असलेल्या घरात वाढलेले बाबूराव नाटकांचे पडदे रंगवीत, शिल्पे घडवीत आणि त्यांनी आपला कॅमेराही स्वतःच तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सैरंध्री’ (१९२०) या मूकपटात भीम कीचकाचा वध करतो, तो प्रसंग त्यांनी इतक्या हुबेहूब रीतीने दाखविला की प्रेक्षक हादरून गेले आणि तो भाग पुढे काढून टाकावा लागला. १९१८ च्या कायद्यानुसार स्थापन झालेली चित्रपट-परिनिरीक्षण मंडळे १९२० मध्येच कामाला लागली होती. याच चित्रपटानंतर लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली.

कीचक हा विषय मुळात निरुपद्रवी नव्हता. कृ. प्र. खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ (१९०७) नाटकात कीचकाच्या आडून लॉर्ड कर्झनवर रोख होता आणि १९१० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली. दशकभरानंतर पडद्यावर कीचक मारला जाताना पाहणाऱ्या मराठी प्रेक्षकाच्या मनात तो जुना अर्थ पुसला गेला असेल, असे मानणे कठीण आहे. कात्री लागली ती रक्तपाताच्या दर्शनाला. परंतु त्या दर्शनाची ताकद केवळ रंग आणि बनावट शिर यांत नव्हती. प्रेक्षकांनी त्या शिरावर स्वतःहून एक चेहरा बसविलेला होता.

असुर कोण?

येथवरच्या विवेचनातून एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. असुर कोण, हे कोण ठरविते? याच मराठी मुलखात बळीराजाही असुरच आहे. परंतु त्याचा पुतळा जाळला जात नाही. इडापिडा टळून बळीचे राज्य यावे, अशी इच्छा घराघरांत व्यक्त होते. एकाच दिवाळीत चतुर्दशीला नरकासुराचे दहन होते आणि प्रतिपदेला बळीचे पूजन होते. महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) या ग्रंथात अवतारकथांचा उलट अर्थ लावून बळीला कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभे केले आणि असुर हे पराभूतांना जेत्यांनी दिलेले नाव असल्याची मांडणी केली.

हा प्रश्न ग्रंथांपुरता मर्यादित राहिलेला नाही. अकोला जिल्ह्यातील सांगोळा येथे रावणाची पाषाणमूर्ती पूजली जाते. विदर्भातील काही आदिवासी समूह रावणाला पूर्वज मानतात आणि दसऱ्याच्या रावणदहनाला विरोध करतात. एका समाजाचा करमणुकीचा पुतळा हा दुसऱ्या समाजाचा पूर्वज असू शकतो, ही जाणीव असुरप्रतिमेच्या अभ्यासकाने बाळगणे आवश्यक आहे. बांकाबाईंचे उदाहरण हेच वेगळ्या प्रकारे सांगते. भयाला चेहरा देणे ही कला आहे. परंतु तो चेहरा कोणाचा, हा नीतीचा प्रश्न आहे.

पुतळा आणि स्मारक : चिरनेरचा संदर्भ

या संदर्भात रायगड जिल्ह्यातील चिरनेरचे उदाहरण तुलनेसाठी उद्बोधक ठरते. २५ सप्टेंबर १९३० रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील पनवेल परिसरात, चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळरानावर जंगल सत्याग्रह झाला. वनसंपत्तीवरील हक्कासाठी शेतकरी, आगरी, कोळी व आदिवासी एकत्र आले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला. त्यात हुतात्मे झालेल्यांचे स्मारक गावात आहे आणि दरवर्षी २५ सप्टेंबरला त्यांना अभिवादन केले जाते.

नागपूर व चिरनेर ही परकीय सत्तेविषयीच्या स्मृतीची दोन वेगळी रूपे आहेत. चिरनेरने गोळी चालविणाऱ्याचा पुतळा केला नाही. गोळी झेललेल्यांची नावे जपली. नागपूरच्या परंपरेत पीडेचा चेहरा दरवर्षी नव्याने घडतो व जळतो. चिरनेरच्या परंपरेत पीडितांचे नाव टिकते. भयाला कागद पुरतो, कृतज्ञतेला दगड लागतो. या दोन्ही रीती एकमेकींना पूरक आहेत. तथापि इतिहासाचे साधन म्हणून विचार केल्यास फरक मोठा आहे. स्मारक वाचता येते. जळालेला पुतळा वाचता येत नाही.

निष्कर्ष

१) असुरप्रतिमेला प्राणप्रतिष्ठा व शास्त्रोक्त लक्षणांचे बंधन नसल्यामुळे ती लोककलावंतांच्या स्वतंत्र कल्पनाशक्तीचे महत्त्वाचे क्षेत्र बनली.

२) साथ, परकीय सत्ता, महागाई, भ्रष्टाचार अशा त्या त्या काळातील पीडांना दृश्य रूप देण्याचे कार्य या प्रतिमांनी केले. त्यामुळे त्या सामाजिक इतिहासाचे साधन ठरतात.

३) असुर म्हणून कोणाची निवड होते, यात समाजातील सत्तासंबंध प्रतिबिंबित होतात. काळी मारबत, बळी आणि रावण यांची उदाहरणे याची साक्ष देतात.

४) दहन, कात्री आणि काळ यांमुळे या कलेचे नमुने फार थोडे टिकले. बोहाड्याचे मुखवटे आदिवासी कुटुंबांनी जपले, म्हणून ती परंपरा आज पाहता येते.

या प्रतिमा नष्ट होण्यासाठीच जन्माला येतात. त्यांना संग्रहालयात कोंडणे त्यांच्या स्वभावाशी विसंगत होईल. परंतु त्या नष्ट होण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे, मापे, साहित्य, घडविणाऱ्यांची निवेदने आणि निवडलेला विषय यांची नोंद करणे सहज शक्य आहे. स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास, मराठी, समाजशास्त्र व चित्रकला विभागांनी आपापल्या परिसरातील अशा प्रतिमांची दरवर्षी नोंद ठेवल्यास, पुतळा जळाल्यानंतरही त्या वर्षी समाजाला कशाची भीती वाटत होती, हे पुढील पिढ्यांना कळू शकेल.